रावेर बंद दिसतंय, पण लाईट गेली की फायबर? नेटवर्कच्या अलर्ट मेसेजबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न असा आला आहे: "जळगावला मुख्य कार्यालय असलेल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. रावेरपासून चाळीसगावपर्यंत शाखा आहेत. प्रत्येक ठिकाणी एक राऊटर, एक स्विच आणि फायबरची लाइन, काही ठिकाणी जोडीला फोरजी. झॅबिक्स (नेटवर्कवर नजर ठेवून अलर्ट पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, टेलिग्राम ग्रुपवर अलर्ट सुरू केले. आठवडाभरात सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. मग एका पहाटे मुख्य कार्यालयाचीच लाइन गेली आणि त्याचा मेसेजच आला नाही. दहा वाजता शाखांचे फोन आले तेव्हा कळलं. कोणते अलर्ट ठेवू, कोणते काढू? आणि मेसेज मराठीत पाठवू का?"

भाऊ, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. मेसेज जास्त येतात ही एक आणि हवा तो मेसेज आलाच नाही ही दुसरी. दुसरी आधी घेऊ, कारण ती जास्त गंभीर आहे आणि तिचा इलाज सोपा आहे.

झॅबिक्स सर्व्हर मुख्य कार्यालयात आहे असं धरून चालतो. टेलिग्रामचा मेसेज इंटरनेटवरून जातो. मुख्य कार्यालयाची लाइन गेली, सर्व्हरला तीन-चार मिनिटांत कळलंही असणार, पण ही बातमी ज्या वाटेने बाहेर जायची तीच वाट बंद. झॅबिक्समध्ये मेसेज गेला नाही तर किती वेळा प्रयत्न करायचा याचं सेटिंग मीडिया टाइपमध्ये (मेसेज कोणत्या साधनाने जाणार ते ठरतं तिथे) असतं. मूळ सेटिंग तीन प्रयत्न आणि मध्ये दहा सेकंद असं आहे. म्हणजे अर्ध्या मिनिटात सर्व्हरने हात टेकले आणि मेसेज 'फेल्ड' म्हणून नोंदवला. रिपोर्ट्समधल्या अ‍ॅक्शन लॉगमध्ये जाऊन त्या पहाटेची नोंद बघा, बहुतेक तिथेच पडलेली सापडेल. ग्रुप म्यूट नसता तरीही तो मेसेज तुमच्यापर्यंत पोचला नसता.

यासाठी सर्व्हरला बाहेर पडायची दुसरी वाट हवी. सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे यूएसबी जीएसएम मोडेम आणि त्यात एक सिम. झॅबिक्सला सिरियल पोर्टवरच्या मोडेममधून एसएमएस पाठवता येतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सिम मुख्य लाइन ज्या कंपनीची आहे तिचं घेऊ नका. रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ऐन वेळी मोडेम चालू आणि सिम बंद, हा प्रकार मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिला आहे.

बल्क एसएमएसचं पॅकेज घेऊन भागेल असं कोणी सुचवेल. त्यात दोन अडचणी आहेत. एक तर त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जायला परत इंटरनेटच लागतं. दुसरं, ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर अशा एसएमएससाठी संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचं टेम्प्लेट डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदवावं लागतं. टेम्प्लेटशी न जुळणारा मेसेज वाटेतच अडतो. अलर्टचा मजकूर दर वेळी बदलतो, त्यामुळे ते काम किचकट होतं. ग्राहकांना हप्त्याची आठवण पाठवायला ते ठीक आहे, तुम्हाला रात्री उठवायला नाही.

सर्व्हरच बंद पडला तर मोडेमही काही करू शकत नाही. म्हणून बाहेरून एक डोळा हवा. स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घ्या किंवा घरच्या ब्रॉडबँडवर एक रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त कॉम्प्युटर) ठेवा. त्याने दर मिनिटाला मुख्य कार्यालयाच्या पब्लिक आयपीला पिंग करायचं, म्हणजे उत्तर येतं का ते बघायचं, आणि पाच पिंग चुकले की स्वतःच्या इंटरनेटवरून टेलिग्रामला कळवायचं. फायरवॉलवर फक्त तेवढ्या पत्त्याला पिंगची परवानगी द्या. जोडीला रोज सकाळी साडेआठला झॅबिक्सकडून एक साधा मेसेज येऊ द्या: "झॅबिक्स चालू आहे. इतक्या शाखा चालू, इतक्या बंद, बंद असलेल्यांची नावं ही." तो मेसेज ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी चहा बाजूला ठेवून सर्व्हर बघायचा.

आता मेसेजच्या पुराकडे.

आपल्याकडे शाखा बंद दिसली की पहिला प्रश्न एकच असतो: लाईट आहे का? मे महिन्यात वादळ आलं, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या, तारा तुटल्या, की संध्याकाळी निम्म्या शाखा लाल होतात. तेव्हा फायबर कंपनीला तक्रार करून काही होत नाही. उलट महामार्गाचं किंवा पाइपलाइनचं काम चालू असताना जेसीबीने केबल तोडली तर शाखेत लाईट, पंखे सगळं मस्त चालू असतं आणि काउंटरवर रांग लागते. झॅबिक्सच्या तयार टेम्प्लेटला (आधीच लिहिलेल्या तपासण्यांच्या संचाला) दोन्ही प्रकार सारखेच दिसतात आणि तो दोन्ही वेळा एकच ओळ पाठवतो: अनअव्हेलेबल बाय आयसीएमपी पिंग. ती ओळ वाचून माणसाला काहीच ठरवता येत नाही. फोन कुणाला करायचा तेही कळत नाही. ग्रुप म्यूट झाला त्यामागे मेसेजची संख्या हे कारण आहेच, पण मला वाटतं हे त्याहून मोठं कारण आहे.

तर लाईट आणि फायबर वेगळे कसे ओळखायचे?

जिथे फायबर आणि फोरजी दोन्ही आहेत तिथे सोपं आहे. दोन्ही वाटांनी राऊटर वेगवेगळा तपासा, म्हणजे झॅबिक्समध्ये दोन आयटम (तपासण्या) ठेवा, एक फायबरकडच्या पत्त्याचा, एक फोरजीच्या व्हीपीएनचा. फायबर गेलं आणि फोरजी जिवंत असेल तर लाईट आहे, फायबर किंवा कंपनीचा ओएनटी (शाखेत फायबर जिथे संपतं तो डबा) गेला. दोन्ही एका मिनिटात गेले तर बहुतेक लाईट गेली आणि इनव्हर्टरनेही दम सोडला. राऊटर जळाला असेल तरी असंच दिसतं, पण ते क्वचित. फोरजी जिवंत असताना राऊटरच्या वॅन पोर्टचं (ओएनटीला जोडलेल्या पोर्टचं) स्टेटसही विचारता येतं. पोर्टच डाऊन असेल तर ओएनटी बंद आहे किंवा मधली केबल निघाली आहे, हे शाखेतल्या शिपायाला फोनवर सांगून सुटतं. पोर्ट अप आणि गेटवे (कंपनीकडचं पहिलं उपकरण) मात्र मिळत नाही, असं असेल तर कंपनीकडे तक्रार करा.

जिथे फक्त फायबर आहे तिथे शाखा गेल्यावर आतलं काहीच दिसत नाही. पण लाइन परत आली की राऊटरला त्याचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते, विचारा. अपटाइम चार मिनिटं असेल तर लाईट गेली होती. अपटाइम दीड महिना असेल तर राऊटर पूर्ण वेळ जागा होता, गेलं ते फायबर. हा आकडा 'परत चालू' या मेसेजमध्येच टाका. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस "तुमच्याकडे लाईट नव्हती" म्हणून हात झटकायला लागला की हे जुने मेसेज उघडून दाखवायचे.

अपटाइमबद्दल एक खाच आहे. एसएनएमपीचा (उपकरणांकडून माहिती विचारण्याच्या पद्धतीचा) सिसअपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटांच्या आकड्यात ठेवला जातो. तो ४९७ दिवसांनी भरतो आणि शून्यापासून परत सुरू होतो. झॅबिक्सला वाटतं उपकरण रीस्टार्ट झालं आणि तो अलर्ट टाकतो. तालुक्याच्या शाखेत कोणताही इनव्हर्टर ४९७ दिवस राऊटर जगवत नाही, तेव्हा तिथे काळजी नको. मुख्य कार्यालयातला कोअर स्विच मात्र तेवढा टिकतो. त्याचा असा अलर्ट आला तर घाबरून कुणाला जळगावला पळवू नका, आधी स्विचचा लॉग बघा.

लाईट गेल्याचं वेळेत कळावं यासाठी एक देशी उपाय सांगतो. कपाटात पडलेला जुना वायफाय राऊटर घ्या. त्याचं वायफाय बंद करा. डीएचसीपी आठवणीने बंद करा, नाहीतर तो शाखेतल्या कॉम्प्युटरांना भलतेच पत्ते वाटत बसेल आणि तुम्ही दुसऱ्याच भानगडीत अडकाल. त्याला एक ठरावीक आयपी द्या. लॅन पोर्टमधून स्विचला जोडा आणि त्याचा अडॅप्टर इनव्हर्टरवर न लावता थेट भिंतीतल्या कच्च्या लाईटवर लावा. झॅबिक्समध्ये त्याचं दिसणारं नाव (व्हिजिबल नेम) "रावेर – कच्ची लाईट" असं ठेवा. हा गेला आणि खरा राऊटर जिवंत असेल तर शाखा इनव्हर्टरवर आहे. बॅटरी किती तास चालते ते तुम्हाला माहीत असतंच, त्यातून किती वेळ हातात आहे ते कळतं. चढउताराने तो जुना राऊटर कधीतरी जळेल. जळू द्या.

मुख्य कार्यालयात चांगला यूपीएस असेल आणि त्यात नेटवर्क कार्ड असेल तर हे जुगाड लागत नाही. यूपीएससाठी ठरलेला एमआयबी (एसएनएमपीने काय काय विचारता येतं त्याची यादी) आहे. त्यातून बॅटरीवर आहे का आणि किती मिनिटं उरली हे दोन्ही वाचता येतं. तिथे "लाईट गेली" हा साधा नोंदीचा मेसेज असू द्या, माणसाला उठवणारा अलर्ट "वीस मिनिटं उरली" यावर ठेवा. लाईट जाते आणि येते, त्याला कोण रोज उठणार?

तुमच्यापैकी कोणी केबल किंवा इंटरनेटचा धंदा करत असेल आणि ओएलटी (कंपनीकडचं मुख्य फायबर उपकरण) स्वतःचा असेल, तर काम आणखी सोपं. जीपॉनमध्ये (एक फायबर अनेक ग्राहकांना वाटण्याच्या पद्धतीत) ग्राहकाकडची लाईट गेली की ओएनयू (म्हणजे वरचा ओएनटीच) बंद पडता पडता आपल्या कपॅसिटरमधल्या उरलेल्या विजेवर ओएलटीला शेवटचा निरोप पाठवतो. त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. डाइंग गॅस्प येऊन ओएनयू गेला तर लाईट. नुसता एलओएस (सिग्नल गेल्याचा अलार्म) आला तर फायबर. काही स्वस्त ओएनयू हा निरोप पाठवतच नाहीत, म्हणून आपल्या मॉडेलचा अडॅप्टर एकदा उपटून बघा. ऑप्टिकल पॉवरवरही लक्ष ठेवा. नेहमीच्या बी-प्लस वर्गात ओएनयूची ऐकण्याची मर्यादा उणे २७ डीबीएम असते. माझं मत असं की उणे २५ च्या खाली गेलेल्यांची यादी रोज सकाळी लाइनमनच्या हातात द्यावी, रात्री त्यासाठी कुणाला उठवू नये. आणि काल उणे १९ असलेला आज उणे २४ वर गेला असेल तर तो मर्यादेत असूनही यादीत सगळ्यात वर हवा, कारण कुठेतरी केबल वाकली आहे किंवा जोडात पाणी गेलं आहे.

मूळ प्रश्नाकडे येतो. भुसावळच्या पुढे फैजपूर, सावदा, रावेर एका अंगाला आहेत. भुसावळजवळ केबल तुटली तर तुम्हाला चार मेसेज येतात, वर प्रत्येक शाखेचा राऊटर, स्विच, कॅमेऱ्याचा डीव्हीआर धरला तर डझनभर. झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी असते: वरचा ट्रिगर (अलर्टची अट) लागला असेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचे मेसेज जात नाहीत. शाखेतल्या स्विच आणि डीव्हीआरचे ट्रिगर राऊटरच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवा, हे पहिलं आणि अगदी सोपं काम. मग ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) करून बघा. फैजपूर, सावदा, रावेर या तिघांना सामाईक असा शेवटचा टप्पा दिसत असेल तर त्याचा एक होस्ट (झॅबिक्समधली उपकरणाची नोंद) बनवा, त्यावर नुसतं पिंग ठेवा आणि तिन्ही शाखा त्याच्यावर अवलंबून करा. नाव "भुसावळ जोड" वगैरे काहीही द्या. मोठे राऊटर स्वतःकडे आलेल्या पिंगला कधीकधी मुद्दाम कमी उत्तरं देतात, त्यामुळे अशा टप्प्यावर 'पॅकेट लॉस'चा अलर्ट लावू नका, पूर्ण बंद असेल तरच धरा.

डिपेंडन्सी लावूनही चारच्या चार मेसेज येतात अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्याचं कारण वेळेत आहे. रावेरचं तपासणं आधी झालं, भुसावळचं नंतर, तर रावेरचा मेसेज निघून गेलेला असतो. तयार टेम्प्लेट सलग तीन पिंग चुकले की ट्रिगर करतो. भुसावळ तीनवरच ठेवा, शाखा पाचवर न्या. दोन मिनिटं उशीर होईल, पण एकच मेसेज येईल. पाच गीगाहर्ट्झच्या डिशवर चालणाऱ्या वायरलेस शाखांना तर पाचाहून कमी ठेवूच नये, वाऱ्याने डिश हलली की पिंग चुकतातच. तिथे सिग्नलचा नेहमीचा आकडा टिपून ठेवा आणि तो सहा डीबीने पडला तर दिवसा एखाद्याला टॉवरवर पाठवा.

संध्याकाळी सहाच्या सुमारास काही ठराविक शाखा रोज बंद होतात का, हेही बघा. मी सांगतो काय असतं: शटर ओढताना शिपाई मेन स्विच बंद करतो. वर्षानुवर्षांची सवय आहे आणि लाईटबिलाच्या हिशेबाने बरोबरही आहे. त्याच्याशी वाद घालू नका. इलेक्ट्रिशियन बोलावून राऊटर, स्विच आणि डीव्हीआरचा पॉइंट मेन स्विचच्या अलीकडून घ्या. ते होईपर्यंत त्या शाखेला झॅबिक्समध्ये रात्रीचा मेंटेनन्स (ठरलेल्या वेळेत अलर्ट थांबवणं) लावा.

तसंही रात्री दोनला रावेर शाखा बंद पडली तर तुम्ही काय करणार? काही नाही. शाखा दहाला उघडणार, कंपनीचा माणूस सकाळशिवाय हलणार नाही. मग तो मेसेज रात्री कशाला हवा? रात्रीसाठी फक्त मुख्य कार्यालयाची लाइन, सर्व्हर रूमचं तापमान, यूपीएसची उरलेली मिनिटं आणि रात्रीचं बॅकअप ज्या स्विचमधून जातं तो स्विच ठेवा. बाकी सगळं सकाळच्या साडेआठच्या यादीत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: झॅबिक्समध्ये युजरच्या मीडियाला 'व्हेन अ‍ॅक्टिव्ह' म्हणून वेळ देता येते, पण त्या वेळेबाहेरचे मेसेज साठवून सकाळी दिले जात नाहीत, ते कधी पाठवलेच जात नाहीत. म्हणून सकाळची यादी वेगळ्या छोट्या स्क्रिप्टने काढा. झॅबिक्सच्या एपीआयला सध्या चालू असलेले प्रॉब्लेम विचारायचे आणि मेसेज बनवायचा. वर सांगितलेला "झॅबिक्स चालू आहे" हा मेसेज आणि ही यादी एकाच स्क्रिप्टमध्ये होतात.

काय काढून टाकावं याबद्दल फार विचार करू नका. काउंटरच्या कॉम्प्युटरांच्या पोर्टचे लिंक डाऊन सगळे काढा. कॅशियरने कॉम्प्युटर बंद केला की अलर्ट, हे कुणाच्या उपयोगाचं? टेम्प्लेटमध्ये आयएफकंट्रोल नावाचा मॅक्रो (बदलता येणारी किंमत) आहे, तो मुळात शून्य करा आणि फक्त अपलिंक पोर्टला एक करा. सीपीयू ९० टक्के, मेमरी ९० टक्के, हे शाखेच्या छोट्या राऊटरवर मेसेजमध्ये नको, ग्राफमध्ये बघा. ट्रॅफिकवर अलर्ट लावले असतील तर ६४ बिटांचे काउंटर वापरले आहेत ना ते तपासा. ३२ बिटांचा काउंटर पूर्ण भरलेल्या एक गीगाबिटच्या लाइनवर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो आणि त्याच्यावर आधारलेला कोणताही अलर्ट खोटा निघतो.

तापमानाचं मात्र थांबून सांगायला हवं, कारण बाहेरचे टेम्प्लेट आपल्या हवेसाठी लिहिलेले नाहीत. तयार टेम्प्लेटमध्ये पन्नासला वॉर्निंग आणि साठला क्रिटिकल असे आकडे असतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास आणि कधी वर असतो. पत्र्याच्या छताखाली, पंखा नसलेल्या रॅकमध्ये दुपारी तीनला स्विचचा आतला सेन्सर साठ दाखवतो आणि उन्हाळाभर रोज दुपारी सगळ्या शाखांमधून अलर्ट येतात. लोक मग तापमानाचे अलर्टच बंद करून टाकतात. ही चूक. आधी समजून घ्या की तो सेन्सर उपकरणाच्या पोटातला असतो, खोलीचा नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात ऑफिसच्या स्विचला शून्य ते चाळीस-पंचेचाळीस अंश लिहिलेलं असतं ते खोलीबद्दल. आतला साठ म्हणजे लगेच संकट असं नाही. उपकरण स्वतःची मर्यादा एसएनएमपीवर सांगत असेल तर ती वापरा. नसेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारचे आकडे टिपा, त्यावर आठ-दहा अंश चढवून प्रत्येक शाखेची वेगळी मर्यादा ठेवा आणि खाली उतरताना तीन-चार अंशांचं अंतर सोडा. साठला अलर्ट आणि साठलाच 'ठीक झालं' ठेवलं तर ५९ आणि ६० च्या मध्ये दुपारभर मेसेजांची ये-जा चालते. झॅबिक्समध्ये यासाठी रिकव्हरी एक्स्प्रेशन वेगळं देता येतं. पंखा बंद पडल्याचा अलर्ट मात्र लगेच हवा. आणि खरं सांगायचं तर पाच अलर्ट लावण्यापेक्षा रॅकच्या दारात एक एक्झॉस्ट पंखा बसवा.

ट्रॅप (उपकरणाने आपणहून पाठवलेली खबर) घ्यावेत की पोलिंग (सर्व्हरने ठरावीक वेळाने विचारणं) करावं हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या महिन्यात विचारालच. ट्रॅप यूडीपी १६२ वर येतो आणि त्याची पोच नसते. शाखेची लाइन तुटली की 'लाइन तुटली' हा ट्रॅपही त्याच लाइनवरून यायचा असतो, म्हणजे येतच नाही. पोच असलेला प्रकार म्हणजे इन्फॉर्म, पण तोही तुटलेल्या लाइनवरून लगेच येणार नाही. पाया पोलिंगचाच ठेवा. दोन पोलिंगच्या मधल्या मिनिटात जाऊन परत आलेलं पोर्ट, बदललेलं कॉन्फिगरेशन, निकामी झालेला दुसरा पॉवर सप्लाय, असल्या गोष्टींसाठी ट्रॅप घ्या.

सिसलॉगच्या (उपकरणं पाठवतात त्या नोंदींच्या) शून्य ते सात या पातळ्यांवरही, शून्य सगळ्यात गंभीर, डोळे मिटून विश्वास नको. सिस्कोच्या स्विचवर एकच केबल निघाली तर लिंक-३-अपडाऊन आणि लाइनप्रोटो-५-अपडाऊन असे दोन मेसेज येतात. घटना एक, पातळ्या दोन. "तीन आणि खालचे सगळे टेलिग्रामवर" असा नियम केला तर कॅशियरची केबल परत तुमच्या झोपेत येईल. शिवाय घड्याळ बघा. मायक्रोटिकच्या बऱ्याच छोट्या राऊटरना घड्याळाची बॅटरी नसते, लाईट येऊन एनटीपी (नेटवर्कवरून मिळणारी बरोबर वेळ) मिळेपर्यंत ते लॉगमध्ये चुकीची वेळ टाकतात, कधी थेट १९७० साल. एनटीपी सगळीकडे लावा आणि मेसेजमध्ये उपकरणाची वेळ न घेता सर्व्हरची घ्या.

आता मराठीचं. हो, मराठीतच पाठवा, पण तयार इंग्रजी मेसेजचं भाषांतर करून नका. मेसेज ज्याच्याकडे जाणार तो कदाचित मोटरसायकलवर असतो, फोनच्या पडद्यावर त्याला पहिली अर्धी ओळ दिसते. त्या अर्ध्या ओळीत गावाचं नाव आणि काय झालं हे यायला हवं. आता तुमचा मेसेज "प्रॉब्लेम" या शब्दाने सुरू होतो, मग तारीख, मग होस्टचं नाव आरव्हीआर-आरटीआर-०१. सगळी जागा तिथेच संपली. माझ्या मते असा हवा:

"रावेर शाखा: फायबर बंद, फोरजीवर चालू. १२:४० पासून. लाईट आहे, राऊटर चालू आहे. करायचं: कंपनीला तक्रार, सर्किट नंबर अमुक. शाखेत फोन: अमुक."

आणि परत आल्यावर:

"रावेर शाखा: फायबर परत चालू. १ तास ५० मिनिटं बंद होतं. राऊटरचा अपटाइम ४१ दिवस, म्हणजे लाईट गेली नव्हती."

झॅबिक्समध्ये होस्टचं तांत्रिक नाव देवनागरीत चालत नाही, पण 'व्हिजिबल नेम' चालतं. तिथे "रावेर शाखा" लिहा आणि मेसेजमध्ये तेच नाव घ्या. सर्किट नंबर आणि शाखाधिकाऱ्याचा फोन होस्टच्या इन्व्हेंटरीत भरून ठेवा, मॅक्रोने ते आपोआप मेसेजमध्ये येतात. शाखाधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या की ती यादी बदलायचं काम कुणाचं, हे आजच ठरवा. "करायचं" ही ओळ ट्रिगरच्या वर्णनात लिहायची. एखाद्या ट्रिगरसाठी ही ओळ तुम्हाला सुचलीच नाही, तर तो ट्रिगर मेसेजच्या लायकीचा नाही, खुशाल बंद करा. अलर्ट काढून टाकायला मी दुसरी कसोटी लावत नाही.

मोडेमवरून जाणाऱ्या एसएमएसला मात्र मराठी मजकूर रोमन लिपीतच लिहा. एका एसएमएसमध्ये रोमन १६० अक्षरं मावतात, देवनागरी ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. "भुसावळ जोड बंद" एवढ्यातच चौदा गेली. टेलिग्रामला ही अडचण नाही.

मेसेज आला की कुणी घेतला हे दिसायला हवं, नाहीतर तिघं एकाच वेळी कंपनीला फोन करतात किंवा तिघंही "दुसऱ्याने केला असेल" म्हणून गप्प बसतात. पहिला मेसेज त्या आठवड्याच्या ड्युटीवाल्याला एकट्याला जाऊ द्या (मुख्य कार्यालयाची लाइन गेली असेल तर तो लगेच एसएमएसने). त्याने झॅबिक्समध्ये अ‍ॅक्नॉलेज करून "निघालो" किंवा "तक्रार दिली, नंबर अमुक" असं लिहायचं. पंधरा मिनिटांत कुणी अ‍ॅक्नॉलेज केलं नाही तर दुसऱ्या पायरीला तुम्हाला आणि एसएमएसने. अ‍ॅक्शनच्या पायऱ्यांमध्ये "अ‍ॅक्नॉलेज नसेल तरच" ही अट मिळते. सगळ्यांचा एक ग्रुप हवाच असेल तर त्यात फक्त सकाळची यादी टाका. साहेबांनाही त्याच ग्रुपमध्ये घ्या. त्यांना प्रत्येक पिंगची खबर द्यायला लागलात तर दिवसभर त्यांचेच फोन घ्यावे लागतील.

हे सगळं एकदम करायला बसू नका. या आठवड्यात मोडेम, बाहेरचं पिंग आणि सकाळची यादी. पुढच्या आठवड्यात पोर्ट आणि सीपीयूचे अलर्ट काढणं आणि डिपेंडन्सी. कच्च्या लाईटचा जुगाड आधी दोन-तीन शाखांत करून बघा, ज्या सगळ्यात जास्त त्रास देतात त्यांच्यात. मग एका रविवारी मुख्य कार्यालयात जा, साहेबांना आधी सांगून ठेवा, आणि इंटरनेटची केबल स्वतःच्या हाताने काढा. घड्याळ लावून बघा की एसएमएस किती मिनिटांत येतो आणि बाहेरच्या डोळ्याचा टेलिग्राम येतो की नाही. दहा मिनिटांत दोन्ही आले नाहीत तर केबल परत लावून अ‍ॅक्शन लॉग उघडा, मेसेज कुठे अडकला ते तिथे लिहिलेलं असेल.